नववी इनिंग संपेपर्यंत

मिल्टन कीन्स
१४ एप्रिल

प्रिय काका,

काकूच्या नियमाप्रमाणे पत्र मराठीत आणि हातानं लिहिते आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मेसेज टाइप करायचा तुम्हाला कंटाळा, म्हणजे बेसबॉलवर भांडायला आपल्याकडे पोस्टच उरलं. खाडाखोड दिसली तर काकूला दाखवू नका, ती लाल पेन काढेल.

कालची मॅच पाहिलीत ना? आपल्याकडे संध्याकाळी सहाला सुरू झाली. मी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या विसरले, कारण आपला लाडका पिचर लांब्या बॉल टाकत होता आणि नऊपैकी सातवी इनिंग संपली तरी समोरच्या टीमला एकही हिट मिळाली नव्हती. मी सगळे नियम पाळले. तो शब्द उच्चारला नाही, तुम्हाला मेसेज केला नाही, सोफ्यावरची जागासुद्धा बदलली नाही. तेवढ्यात माझी फ्लॅटमेट ईशिता आली आणि म्हणाली, "अगं, याला अजून कुणी एकही..." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला. नंतर सॉरी म्हटलं.

आठव्या इनिंगमध्ये एक फुसका बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन गवतावर पडला, हिट झाली आणि संपलं. ईशिता म्हणते तिचा काही दोष नाही. मला तशी खात्री वाटत नाही. अर्धं वाक्य तरी तिनं म्हटलंच होतं.

लहानपणी आई-बाबा हीथ्रोला शिफ्टवर असायचे आणि मी तुमच्याकडे राहायचे. दुपारी काकू बाराखडी शिकवायची आणि संध्याकाळी तुम्ही बेसबॉल. ‘पिचर नो-हिटर टाकत असेल, समोरच्यांना एकही हिट देत नसेल, तर नववी इनिंग संपेपर्यंत त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, काही बदलायचं नाही.’ मला तेव्हा हे बाराखडीसारखंच वाटलं होतं, म्हणजे न पाळून चालणारच नाही असं.

काकूची किमो मार्चमध्ये संपली. पहिलं स्कॅन झालं ना? काय म्हणाले? लगेच कळवा.

तुमची
देवयानी

~

इल्फर्ड
२२ एप्रिल

चि. देवयानी,

आशीर्वाद आहेतच. आधी महत्त्वाचं. स्कॅन स्वच्छ आहे. पुढचं जुलैमध्ये, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकेक करत पुढे जायचं. म्हणजे आपल्या हिशेबानं पहिली इनिंग झाली.

तेव्हा आता तुला वेगळं सांगायला नको. हे चालू आहे तोवर त्या विषयावर बोलायचं नाही. तिच्याशी नाही, माझ्याशी नाही, पत्रातही नाही. तुझ्या बाबालाही सांगितलं आहे. सतीश म्हणाला, "दादा, तुला न्यू जर्सीला पाठवलं ती कंपनीची चूक झाली." पण गप्प बसतो आहे.

त्या मॅचची गंमत सांगतो. तुझी काकू माझ्या शेजारी मेथी निवडत बसली होती. लांब्या बेंचच्या एका टोकाला एकटा, बाकीची सगळी पोरं दुसऱ्या टोकाला दाटीवाटीनं. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "अहो, त्या मुलानं काय गुन्हा केलाय? कुणी पाणी तरी विचारा की त्याला." मी समजावलं, की त्याचं चांगलं चाललंय म्हणून कुणी त्याच्याशी बोलत नाही, हा मान असतो. ती म्हणाली, "असला मान मला नको," आणि मेथीच्या काड्या माझ्या वर्तमानपत्रावर टाकल्या.

ईशिताला माफ कर. अर्धं वाक्य धरत नाहीत.

तुझा
जयंतकाका

~

मिल्टन कीन्स
१० जून

प्रिय काका,

मेमधल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला तुमच्याकडे आले होते तेव्हापासून एक विचारायचं राहिलं आहे. तुम्ही दुकानात गेला होतात तेव्हा काकू मला अलॉटमेंटवर, तिच्या भाजीच्या वाफ्यांकडे, घेऊन गेली. डोक्याला तो निळा स्कार्फ होता. घेवड्याच्या वेलांना काठ्या बांधताना तिनं विचारलं, "फार्मसीत लोक तुला काय काय विचारतात गं? मोठे आजार असलेले येतात का?" तिला खरं काय विचारायचं आहे ते मला कळलं. मी खोकल्याच्या औषधाचा किस्सा सांगितला. ती हसली आणि पुन्हा काठ्या बांधायला लागली. मी विषय बदलला. बरोबर केलं ना? ट्रेनमध्ये बसल्यावर मला वाटलं, तिला वाईट वाटलं असेल. पण नियम तुमचाच आहे.

परवा लांब्याचं काय केलं त्या मॅनेजरनं, पाहिलंत? सात इनिंग, एकही हिट नाही, आणि याला बाहेर काढलं. का, तर खूप बॉल टाकून झाले, हात जपला पाहिजे. मी इतकी चिडले की दुसऱ्या दिवशी कामावर एक प्रिस्क्रिप्शन चार वेळा तपासलं. तसं ते मी एरवीही तीन वेळा तपासते.

आणखी एक. मे महिन्यात मी तुमच्याकडे आले ती हिरव्या स्वेटरमध्ये, गाडी न घेता, ट्रेननं. तेव्हापासून सगळं नीट चाललं आहे. म्हणून आता जुलैपर्यंत मी पुन्हा येत नाही. चाललेलं बदलायला नको. तुम्हाला हे पटेल, आईला पटणार नाही. तिला मी कामाचं कारण सांगितलं आहे.

तुमची
देवयानी

~

इल्फर्ड
१८ जुलै

चि. देवयानी,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. हात जरा थरथरतो अलीकडे, अक्षराकडे पाहू नकोस.

या आठवड्यात तिकडे मॅचेस नाहीत, सीझनची मधली सुट्टी आहे. म्हणून जुनी गोष्ट सांगतो. न्यू जर्सीला असताना ऑफिसातल्या लोकांबरोबर मी मॅचला गेलो होतो. एक म्हातारा पिचर होता, म्हातारा म्हणजे चाळिशीचा. आठ इनिंग त्याला कुणी हात लावू शकलं नाही. बेंचवर त्याच्या आजूबाजूला कुणी नाही, स्टेडियममध्ये कुणी नीट श्वास घेत नाही. नवव्या इनिंगमध्ये पहिल्याच बॉलला हिट गेली. मला वाटलं, आता लोक घरी निघतील. पण सगळे उभे राहिले. त्याच्या टीमची पोरं मैदानावर त्याच्याभोवती गोळा झाली, पाठीवर थापा, कानाशी लागून बोलणं. हिट गेल्यावर बोलायला परवानगी असते. मला आठवतं, तो पिचर हसत होता. बहुतेक त्याला त्या शांततेचाच कंटाळा आला असावा.

ही गोष्ट तुला पूर्वी सांगितली होती का, आठवत नाही. आज ती सारखी डोक्यात येते आहे.

घेवडा भरपूर आला आहे. काकू म्हणते, देवयानीला न्यायला सांगा.

बाकी काय लिहू.

तुझा
जयंतकाका

~

मिल्टन कीन्स
२५ जुलै

प्रिय काका,

पत्र मिळालं. स्कॅनबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाहीत, त्यातच सगळं आलं. मला कळलं. मी काही विचारणार नाही. तुम्हालाही नाही आणि काकूलाही नाही.

बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, "काकांनी लिहिलं ना तुला?" मी हो म्हटलं. मग त्यांनी इकडची हवा विचारली आणि शेवटी म्हणाले, "चल, ठेवतो." बाबासुद्धा नियम पाळायला लागले म्हणजे कमाल झाली.

म्हाताऱ्या पिचरची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. मला आवडली नाही, खरं सांगू का. त्याला अजून फक्त तीन आउट हवे होते. लोक उभे राहिले म्हणून काय झालं, हिट ती हिट.

रविवारी काकूशी बोलले. घेवड्याबद्दलच बोलले. तिचा आवाज दमल्यासारखा वाटला, पण तिकडेही उकाडा आहेच. तुमच्या घरी पंखा एकच आहे, तो तिच्याकडे ठेवा.

तुमची
देवयानी

~

इल्फर्ड
१७ ऑगस्ट

देवयानी बाळा,

तू पत्र काकांना लिहितेस आणि मला शेवटी नुसता नमस्कार. कधी कधी तोही नसतो. म्हणून आज मीच लिहायला घेतलं. उशीवर पाट ठेवून लिहिते आहे, तेव्हा ओळी वर-खाली गेल्या तर मी तुला दाखवते तसं लाल पेन मला कुणी दाखवायचं नाही.

काका म्हणाले, देवयानीला कळलं आहे. बरं झालं. मग तू दर रविवारी फोन करून मला घेवड्याचं काय विचारतेस? घेवडा मजेत आहे. मला माहीत आहे ते तुलाही माहीत आहे, तर मग आपण दोघी भाजीवर का बोलतो? काका तर विषय निघाला की कानातलं मशीन काढून बॅटरी बघतात. सतीश येतो, चहा पितो, हवेवर बोलतो. तुझी आई स्वयंपाक करून ठेवते आणि डोळे पुसत ओटा पुसते. सगळे माझ्याशी इतके चांगले वागतात की मला त्या बेंचवरच्या मुलाची आठवण येते.

मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू रोज लोकांना औषधं समजावून सांगतेस, तुला ऐकायची सवय आहे. शिवाय तुला मी लिहायला शिकवलं, तेव्हा माझं थोडं ऐकून घेणं तुला भाग आहे. दोन दिवस ये. तुझी सुट्टी शिल्लक आहे, बाबानं सांगितलं. तुला काही विचारायचं असेल तर विचार, मी रागावणार नाही आणि रडणार नाही. रडले तर थोडंच.

येताना ती आल्याची बिस्किटं आण. इथल्या दुकानात मिळेनाशी झाली आहेत.

तुझी
मधुमतीकाकू

~

मिल्टन कीन्स
२३ ऑगस्ट

लाडक्या काकू,

तुझं पत्र तीन दिवस बॅगेत घेऊन फिरते आहे. उत्तर देताना मला फार अवघड वाटतं आहे, कारण तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही.

तुला बोलावंसं वाटतं ते मला समजतं. तू बेसबॉल बघत नाहीस, म्हणून तुला हे मूर्खपणाचं वाटत असेल. पण मी मे महिन्यात येऊन गेले आणि त्यानंतर सगळं नीट चाललं आहे. आता मधेच मी आले, आपण बोलत बसलो आणि काही झालं, तर मी स्वतःला कधी माफ करू शकणार नाही. तू हसशील. हस. पण ऑक्टोबरपर्यंत थांब ना. ऑक्टोबरचं स्कॅन झालं की मी पेढे घेऊन येते, बिस्किटं पण घेऊन येते, आणि दोन नाही, चार दिवस राहते. मग तू म्हणशील ते बोलू, तू म्हणशील ते विचारेन. मी सगळं मनात साठवून ठेवलं आहे.

बिस्किटं आजच घेऊन ठेवली आहेत. दोन पुडे.

परवा काकांच्या लांब्यानं पुन्हा जीव घेतला. नववी इनिंग, दोन आउट, फक्त एक बॅटर उरला होता. त्याची बॅट मोडली, आणि मोडक्या बॅटचा बॉल कुणाच्या हाती न लागता घरंगळत गेला. काकांना म्हणावं, मी जागची हलले नव्हते.

तुझी
देवयानी

~

इल्फर्ड
२० सप्टेंबर

चि. देवयानी,

अंत्यसंस्कार झाल्यावर कार पार्कमध्ये तू मला विचारलंस, "काका, मला का नाही सांगितलं?" मी कानाला हात लावून, ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकू आलं होतं.

जुलैच्या स्कॅनमध्ये तो आजार परत आलेला दिसला. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. काही महिने म्हणाल्या, तेवढेही मिळाले नाहीत. मी सतीशला सांगितलं, देवयानीला फोनवर सांगू नकोस, मी लिहितो. आणि लिहायला बसलो. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा त्या म्हाताऱ्या पिचरची गोष्ट लिहिली आणि पाकीट बंद केलं. मला वाटलं, ही पोरगी हुशार आहे, तिला कळेल. तुझं उत्तर आलं, ‘मला कळलं’. मला इतकं हलकं वाटलं, की मी ते पत्र पुन्हा वाचलंच नाही. तिला जाऊन सांगितलं, देवयानीला कळलंय. त्यानंतर ती रोज तुझी वाट बघत होती. एकदा म्हणाली, "कळलंय तरी येत नाही म्हणजे घाबरली असेल. मीच लिहिते."

तुझं उत्तर आलं ते तिनं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, तिला माहीतच नाही." मी म्हटलं, आत्ता फोन करतो. ती म्हणाली, "तुम्ही नको. तुम्ही पुन्हा मॅचचं सांगाल. रविवारी तिचा फोन येतो तेव्हा मी सांगते."

रविवारी तुझा फोन आला तेव्हा तिला धाप लागली होती. मी फोन घेतला आणि तुला म्हटलं, काकू झोपली आहे. तिनं हात पुढे केला होता, देवयानी. मी म्हटलं, जरा बरं वाटू दे, मग बोल. मंगळवारी अ‍ॅम्ब्युलन्स आली. तू पोचलीस तेव्हा तिला औषधाची गुंगी होती, ती गुंगी उतरलीच नाही.

तिला तुझ्याशी काय बोलायचं होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिला पुष्कळ गोष्टी विचारल्या नाहीत, पण ही सारखी आठवते.

बिस्किटांचा एक पुडा तू उशाशी ठेवून गेलीस. मी तो उघडलेला नाही.

जयंतकाका

~

मिल्टन कीन्स
२८ सप्टेंबर

प्रिय काका,

तुमचं पत्र वाचून मला तुमच्यावर रागवायचं होतं. थोडा वेळ रागावले. मग मी ‘मला कळलं’ म्हणून काय लिहिलं होतं ते आठवलं: तुम्ही गप्प, म्हणजे स्कॅन स्वच्छ, असा अर्थ मी लावला होता. तुम्ही कळवलं नाहीत हे खरं आहे, पण मी विचारलं नाही हेही खरं आहे, आणि विचारणं हे माझं रोजचं काम आहे. काउंटरवर अनोळखी माणसं येतात, मी त्यांना विचारते, मळमळतं का, झोप लागते का, घरी सोबत कोण आहे. लोक सांगतात. पुष्कळ जण नुसत्या विचारण्यानं बरे दिसायला लागतात. काकूनं तर लिहून कळवलं होतं की विचार. मी तिला ऑक्टोबरची तारीख दिली.

काल लांब्याची मॅच होती. बघायचीच नाही असं ठरवलं होतं, पण लावली. सहावी इनिंग संपली आणि पाटीवर समोरच्या टीमच्या नावापुढे हिटच्या रकान्यात शून्य होतं. बेंचवर तो एका टोकाला बसला होता, बाकीचे दुसऱ्या टोकाला. मी उठले. जागा सोडून खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "हा नो-हिटर टाकतो आहे." ईशिता स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, मला काही झालं. मी पुन्हा म्हटलं. मग बाबांना फोन करून सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं, तू ठीक आहेस ना?" मी म्हटलं, "नाही." पहिल्यांदाच म्हटलं.

सातवी इनिंग गेली. आठवी गेली. तो तसाच टाकत होता. मी वाट बघत होते, की माझ्या बोलण्यानं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. नवव्या इनिंगमध्ये एका पोरानं बॉल सरळ मारला, चांगली हिट होती, कुणाची चूक नव्हती. एप्रिलमध्ये मी गप्प होते तेव्हाही अशीच गेली होती आणि ऑगस्टमध्येही. त्याला माझं काही ऐकूच जात नव्हतं, काका. कधीच जात नव्हतं.

काकूला ऐकू येत होतं.

मी शनिवारी येते आहे. गाडी घेऊन येते, हिरवा स्वेटर घालणार नाही. त्याआधी एक विचारते, आणि उत्तरात मॅचचं काही लिहू नका. तुम्ही कसे आहात? जेवता का, झोपता का, दिवसभर घरात काय करता? हात का थरथरतो, ते डॉक्टरला दाखवलंत का?

तुमची
देवयानी

~

इल्फर्ड
१ ऑक्टोबर

चि. देवयानी,

विचारलंस म्हणून सांगतो.

मी बरा नाही. जेवतो, पण उभ्यानं. झोप तुटक लागते. अलॉटमेंटवर गेलो नाही, घेवडा वाळून गेला असेल. हात डॉक्टरला दाखवला नाही, तिच्यापुढे माझं कुठे काढायचं म्हणून तेव्हा राहिलं आणि आता एकट्यानं जावंसं वाटत नाही. तू आलीस तर जाऊ.

एवढं लिहायला सकाळ गेली. पण एकदाच लिहिलं, फाडलं नाही.

शनिवारी ये. कानातलं मशीन लावून बसतो. बॅटरी नवी घातली आहे, तरीपण जरा मोठ्यानं बोल.

तुझा
काका